फुलणारा छोटा कॅक्टस घ्यायचाय? जिम्नो, मॅमिलेरिया आणि बाकीची मंडळी

नर्सरीत कॅक्टसच्या ट्रेसमोर उभं राहिलं की डोळा आधी फुलाकडे जातो, आणि पहिली फसगत तिथेच होते. लहानशा गोल कॅक्टसच्या टाळूवर पिवळं किंवा केशरी, कागदासारखं कडक फूल दिसलं तर ते नखाने हलकेच हलवून बघा. बुडाशी गोंदाचा वाळलेला थेंब सापडेल. हे वाळवलेलं स्ट्रॉफ्लॉवर असतं, ग्लू गनने चिकटवलेलं. पाणी उडालं की मिटतं, वाळलं की उघडतं, त्यामुळे घरी आणल्यावरही कित्येक महिने जिवंत असल्यासारखं वाटतं. कॅक्टसचं खरं फूल इतकं टिकत नाही. काहींचं एक रात्र, काहींचं चार-सहा दिवस.

मग खरं फूल बघायचं असेल तर कोणता घ्यावा? नर्सरीवाला म्हणतो, ‘सगळे फुलतात.’ खोटं नाही ते, फक्त कुठे आणि कधी ते सांगत नाही. माझ्या मते फुलाचा फोटो बाजूला ठेवून दोन गोष्टी आधी बघाव्यात: तुमची खिडकी कोणत्या दिशेची आहे, आणि तुमच्या गावात डिसेंबर-जानेवारीची रात्र किती गार होते.

आधी खिडकी

इंग्लंड-अमेरिकेतली माहिती वाचून लोक कॅक्टस दक्षिणेच्या खिडकीत ठेवतात. तिकडे सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो, म्हणून ते बरोबर. आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो तो दिवस, वर्षातून दोनदा येतो, पुण्या-मुंबईत साधारण मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. या दोन दिवसांच्या दरम्यान दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येतच नाही. तिथे भरपूर ऊन मिळतं ते ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पूर्वेची खिडकी वर्षभर सकाळचं तीन-चार तास ऊन देते, आणि छोट्या कॅक्टसला तेच सगळ्यात मानवतं. पश्चिमेला एप्रिल-मेमध्ये पन्नास टक्क्यांची हिरवी नेट लावा, नाहीतर उन्हाच्या बाजूला खाकी डाग पडतात आणि ते आयुष्यभर जात नाहीत. फक्त उत्तरेची खिडकी असेल तर वाळवंटी कॅक्टसच्या फुलाची आशा धरू नये. तुमच्यासाठी वेगळा उमेदवार आहे, तो पुढे येतोच.

जिम्नोकॅलिशियम की मॅमिलेरिया

बहुतेकांची निवड शेवटी या दोघांत होते, म्हणून यांच्यावर जरा जास्त बोलू.

मॅमिलेरिया मुख्यतः मेक्सिकोचा. अंगावर फासळ्या नसतात, लहान लहान उंचवटे असतात, आणि त्यांच्या बेचक्यांतून फुलं येतात. गंमत अशी की फुलं अगदी शेंड्यावर न येता शेंड्याभोवती गोल कडं करून येतात, कारण ती गेल्या हंगामात वाढलेल्या भागावर धरतात. एकेक फूल सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचं, पण वीस-पंचवीस एकदम उमललं की झाडाला मुंडावळ्या बांधल्यासारख्या दिसतात. आपल्याकडे थंडी सरताना, साधारण जानेवारी ते एप्रिल, हा सोहळा होतो. नंतर कधी कधी लांबट लाल फळंही येतात. मात्र बऱ्याच जाती स्वतःच्या परागाने फळत नाहीत, शेजारी त्याच जातीचं दुसरं झाड लागतं.

गेल्या हंगामाच्या वाढीवर फूल येतं याचा व्यवहारातला अर्थ असा की पावसाळ्यानंतर झाड उपाशी किंवा अंधारात राहिलं तर पुढच्या फेब्रुवारीत कडं अर्धवट येतं किंवा येतच नाही. मॅमिलेरियाला ऊन हवं म्हणजे हवंच. ऊन कमी पडलं की तो वर निमुळता होत जातो, काटे विरळ होतात, आणि तो आकार परत सुधारत नाही.

जिम्नोकॅलिशियम दक्षिण अमेरिकेचा: अर्जेंटिना, पॅराग्वे, उरुग्वे, बोलिव्हिया, ब्राझीलचा दक्षिण भाग. तिथे तो पुष्कळदा गवताच्या आणि झुडपांच्या आडोशाला वाढतो. म्हणूनच फ्लॅटच्या खिडकीतल्या कमी उन्हाला तो मॅमिलेरियापेक्षा जास्त निभावतो. ओळखायला सोपा: कळीवर ना लव, ना केस, ना काटे. गुळगुळीत खवल्यांची, लांबट, चकचकीत कळी. फूल अंगाच्या मानाने मोठं असतं. जिम्नोकॅलिशियम बाल्डियानम अर्जेंटिनाच्या काटामार्काचा. हा जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा झाला की फुलू लागतो, आणि फूल किरमिजी ते गडद गुलाबी, जवळजवळ झाडाएवढंच. दुपारी उघडतं, संध्याकाळी मिटतं, असं काही दिवस चालतं. मॅमिलेरियाचा सोहळा बहुधा वर्षातून एकदा. जिम्नो मात्र उन्हाळाभर थांबून थांबून एक-दोन कळ्या काढत राहतो. ऑफिसातून उशिरा येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: जिम्नोचं उघडं फूल तुम्हाला बहुधा शनिवार-रविवारीच दिसेल.

मुंबई, ठाणे, गोवा, रत्नागिरी अशा दमट ठिकाणी मी डोळे मिटून जिम्नो सुचवेन, त्यातही बाल्डियानम किंवा पांढऱ्या फुलांचा ॲनिसिट्साय. पुणे, नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगरला पूर्वेची किंवा उघडी गॅलरी असेल तर मॅमिलेरियाचा मान मोठा. त्यात निवड करताना काटे हाताळून बघा. बोकासाना दिसतो कापसाच्या बोंडासारखा, पण त्या कापसात आकड्यासारखे वळलेले काटे असतात. पडदा, साडीचा पदर, मुलांचे केस, काहीही अडकतं. हानियाना पांढऱ्या केसांचा, त्यावर किरमिजी कडं, देखणा, पण पावसाळ्यात त्याच्या केसांत ओल साठते, तेव्हा तो छपराखालीच हवा. इलाँगाटा बोटांसारखा वाढतो, फूल फिकट पिवळं आणि साधं, पण मरायला सहजी तयार नसतो. नवख्याने त्याच्यावर हात बसवावा.

इकिनॉप्सिस: मोठं फूल, थोडाच वेळ

फुलाच्या आकारावर निर्णय घ्यायचा असेल तर प्रश्नच नाही. लाडवाएवढ्या अंगातून पंधरा-वीस सेंटिमीटर लांब नळीचं, कर्ण्यासारखं पांढरं किंवा गुलाबी फूल निघतं. इकिनॉप्सिस आयरिसाय संध्याकाळी उमलतो, सुवासही असतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फूल मान टाकतं. नैसर्गिक अधिवासात रात्री उडणारे पतंग याचं परागीकरण करतात, म्हणून ही वेळ.

झाड राकट आहे, पावसाचे चार शिंतोडेही सोसतं. वाईट सवय एकच: हा पिलांचा, म्हणजे अंगावर फुटणाऱ्या लहान रोपांचा, कारखाना आहे. थंडीत पाणी चालू ठेवलं आणि खत जास्त झालं तर कळ्यांऐवजी पिलंच येतात. अंगावर नवा गोळा दिसला की नीट बघा. गडद केसांनी लपेटलेला असेल तर कळी, काटे दिसत असतील तर पिल्लू. पिलं वेळीच काढून शेजाऱ्यांना वाटावीत. जागा मात्र मोजून घ्या, हा लहान राहत नाही. आठ इंची कुंडीची तयारी ठेवा.

रिब्युशिया आणि ॲस्ट्रोफायटम

रिब्युशियाचे फोटो बघून कुणाचंही मन पाघळेल. लिंबाएवढं झाड, बुडापासून केशरी-लाल फुलांनी झाकलेलं. पण हा बोलिव्हिया-अर्जेंटिनातल्या अँडीज पर्वताच्या उंचीवरचा रहिवासी. कळ्या धरायला त्याला खरी गार, कोरडी थंडी लागते. कॅक्टस दिवसा आपली रंध्रं मिटून ठेवतो आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतो, त्यामुळे रात्र उकाड्याची झाली की त्याचं काम अडतं. रिब्युशियाला ते जास्तच जाचतं. महाबळेश्वर-पाचगणीला राहत असाल तर जरूर लावा. नाशिक-पुण्यात नशीब अजमावायला हरकत नाही. मुंबईत पैसे वाया.

ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास हा त्याच्या उलट स्वभावाचा, उष्णतेला न घाबरणारा. अंगावर पांढरे ठिपके, काटे अजिबात नाहीत, आणि टाळूवर रेशमी पिवळं फूल, बहुतेकदा मधे लालसर. ‘घरात काटेरी झाड नको’ म्हणणाऱ्या आजी असतील तर हा चालून जातो. वाढ फार संथ, किंमत जास्त, आणि जास्त पाण्याने आतून कुजतो तेव्हा बाहेरून आठवडाभर काही कळत नाही. रानातल्या झाडांची चोरी झाल्याने ही जात साइटिस या वन्य जीव-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे, तेव्हा बियांपासून वाढवलेलंच रोप घ्या. पहिला कॅक्टस म्हणून मात्र हा नको.

लाल-पिवळा गोळा

हिरव्या त्रिकोणी दांड्यावर बसवलेला भडक लाल, पिवळा, गुलाबी गोळा सगळीकडे मिळतो, शे-दोनशे रुपयांत. मून कॅक्टस. लोक त्या रंगालाच फूल समजतात. ही जिम्नोकॅलिशियम मिहानोविचायची हरितद्रव्य नसलेली जात, १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये रोपांत सापडलेली. स्वतःचं अन्न करू शकत नाही म्हणून कलम, आणि खालचा हिरवा दांडा ड्रॅगन फ्रूटच्या वेलाचा. काही वर्षांत दोघांपैकी एक थकतो. टेबलावर रंग हवा असेल तर खुशाल घ्या, फुलासाठी नको.

उत्तरेची खिडकी असेल तर

श्लुंबर्जेरा, म्हणजे ख्रिसमस कॅक्टस. हा वाळवंटातला नाहीच. रिओ द जानेरोच्या आसपासच्या डोंगरी जंगलांत झाडांच्या फांद्यांवर वाढतो. त्यामुळे वर सांगितलेलं आणि खाली सांगणार असलेलं जवळपास सगळं याच्या बाबतीत उलटं: सावलीचा उजेड, भुसभुशीत पण ओलसर माती, वर्षभर पाणी. कळ्या धरतात त्या रात्र लांबली की. सप्टेंबरच्या अखेरीपासून आपल्याकडे तशी रात्र होते, पण हॉलमध्ये अकरापर्यंत ट्यूबलाइट चालू असेल तर झाडाला ते कळणार कसं? तेवढे सहा-आठ आठवडे त्याला रात्री न वापरल्या जाणाऱ्या खोलीत ठेवा. कळ्या दिसल्या की कुंडी हलवायची नाही, फिरवायचीही नाही, गळतात. उकाड्याच्या रात्री कळ्या धरायला त्रास होतो, म्हणून मुंबईपेक्षा पुण्यात हा सोपा.

पावसाळ्यात मध्यरात्री फुलणारं, ज्याची आरती करून फोटो काढतात ते आपल्या घरचं ब्रह्मकमळ हा याचाच जंगली भाऊबंद, एपिफायलम. ते ज्या गॅलरीत सुखाने वाढतं तिथे श्लुंबर्जेरालाही संधी द्यायला हरकत नाही.

पाणी आणि पाऊस

महाराष्ट्रात कॅक्टस उन्हाने क्वचित मरतो, जुलैत मरतो. नर्सरीची झाडं बहुतेक नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतात. ते पूर्ण वाळलं की पाणी घेत नाही, बाजूने निघून जातं, आणि भिजलं की पावसाळी हवेत वाळत नाही. जाडसर चाळलेली वाळू, पर्लाइट किंवा विटांचे बारीक तुकडे असा निचऱ्याचा माल सत्तर टक्के आणि गांडूळखत किंवा पानांचं कुजलेलं खत तीस टक्के, हे मिश्रण जवळपास सगळ्यांना चालतं. जून ते सप्टेंबर कुंड्या छपराखाली. मुंबईच्या ग्रिलमध्ये ठेवत असाल तर वरच्या मजल्यावरच्या एसीचं ठिबकणारं पाणी कुठे पडतं तेही एकदा बघून घ्या.

फुलासाठी खरी किल्ली हिवाळ्यात आहे. डिसेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पाणी जवळजवळ बंद. जिम्नोला महिन्यातून एकदा घोटभर पुरे. अंग थोडं आक्रसलं तर घाबरायचं नाही. कळ्या डोकावल्या की हळूहळू पाणी सुरू. मुंबईत थंडी फारशी नसली तरी हा कोरडेपणा निम्मं काम करतो. पांढऱ्या कापसासारखे पिठ्या ढेकूण फासळ्यांच्या खाचांत दिसले तर इअरबडवर स्पिरिट घेऊन पुसा. मॅमिलेरियाच्या केसांत ते लपतात, जिम्नोवर लगेच दिसतात. जिम्नोच्या पारड्यात हा आणखी एक गुण.

खरेदी शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. तेव्हा झाडावर खरी कळी असते आणि काय घेतोय ते दिसतं. पुण्यात जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, तिथे निदान या सगळ्यांचे चेहरे एकदा बघून घेता येतील. रोप उचलताना बुडाशी बोटाने दाबा, मऊ लागलं तर ठेवून द्या. घरी आणलं की चिकटवलेलं फूल असल्यास कोमट पाण्याने सैल करून काढा, कोकोपीट झटका, नव्या मिश्रणात लावा, आणि आठवडाभर पाणी घालू नका. दुखावलेल्या मुळांना तेवढे दिवस कोरडंच बरं.