चौसष्ट मशीन आणि माझी एक खुर्ची: अ‍ॅन्सिबलचा अनुभव

सांगलीजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात दोन कॉम्प्युटर लॅब माझ्याकडे आहेत. ६४ मशीन, सगळ्यांवर उबुंटू लिनक्स. पूर्वी सेमिस्टरच्या आधीचे दोन-तीन दिवस पेन ड्राइव्ह घेऊन या खुर्चीवरून त्या खुर्चीवर जायचे. चाळिसाव्या मशीनपाशी काय टाकलं नि काय राहिलं याचा हिशेब सुटायचा, आणि ऐन प्रॅक्टिकलला कुणीतरी हात वर करायचं, "मॅडम, माझ्याकडं जावाच नाही."

अ‍ॅन्सिबलनं ते दिवस संपवले. एका जागी बसून अनेक मशीनवर एकदम काम करवून घेणारं हे सॉफ्टवेअर. लॅबच्या मशीनवर त्याचा कुठलाही एजंट, म्हणजे तिथं सतत चालणारा मदतनीस प्रोग्रॅम, बसवावा लागत नाही. एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन करायची सोय) आणि पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा पुरते. पायथन उबुंटूवर असतोच. एसएसएच सर्व्हर मात्र डेस्कटॉपवर आपण टाकायचा, तेवढी एक शेवटची फेरी मी मारली. मग टेबलावरच्या जुन्या पीसीवर एका फाइलीत सगळ्या मशीनचे आयपी पत्ते लिहिले, लॅब ३ आणि लॅब ४ असे गट पाडले आणि पिंग सोडला, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक दिली. हिरव्या ओळींत 'पाँग' येत गेलं. तीन ओळी लाल. शिपाईकाका बघायला गेले, तिकडूनच ओरडले, "मॅडम, तेवीसची वायरच निघालिया!"

कामं लिहिलेल्या फाइलीला प्लेबुक म्हणतात. तिच्यात आपण 'हे कर, ते कर' लिहीत नाही, 'मशीन असं असलं पाहिजे' असं लिहितो. तसं असेल तर ते हात लावत नाही, नसेल तर करून टाकतं, आणि शेवटी मशीनवार हिशेब देतं. बदल झाला तिथं पिवळं. मशीन १७ रोज संध्याकाळी पिवळं दिसायला लागलं, बाकी सगळी हिरवी. म्हणजे मी बसवलेली नेटवर्कची सेटिंग कुणीतरी रोज फिरवत होतं, म्हणजेच अ‍ॅडमिनचा पासवर्ड मुलांपर्यंत पोचला होता. आणि तोच पासवर्ड चौसष्टही मशीनना! त्याच रात्री बदलला, लॉगिन पासवर्डऐवजी एसएसएच किल्लीवर (गुप्त किल्लीच्या फाइलीवर) नेलं, नवा पासवर्ड अ‍ॅन्सिबल व्हॉल्टमध्ये कुलूपबंद केला. हाताने फिरत बसले असते तर हे मला वर्षभर कळलं नसतं.

आता जपायची गोष्ट. एका दुपारी लॅब ४ बंद करायची होती आणि गटाच्या जागी मी 'ऑल' लिहिलं. शेजारी लॅब ३ मध्ये प्रॅक्टिकल चालू होतं. एकदम सगळे स्क्रीन काळे. मुलांचे न सेव्ह केलेले प्रोग्रॅम गेले, आणि त्यांचे चेहरे बघून माझ्या पोटात खड्डा पडला. तेव्हापासून प्लेबुकमध्ये 'ऑल' लिहीत नाही. आधी 'लिस्ट-होस्ट्स'नं कुठली मशीन सापडतायत ते बघते, मग 'चेक'वर रंगीत तालीम घेते, मग एकाच मशीनवर 'लिमिट' लावून खरं चालवते. तालमीवरही डोळे झाकून विसंबू नका. शेल कमांड (थेट टर्मिनलच्या आज्ञा) असलेली कामं तीत वगळली जातात.

वेगाचं म्हणाल तर मुळात ते एका वेळी पाचच मशीन घेतं. मी आकडा २० केला, तर वीस मशीन एकदमच पॅकेज खेचायला लागली आणि नेट बसलं. माझ्या पीसीवर एपीटीचा (उबुंटूवर पॅकेज बसवणाऱ्या साधनाचा) कॅशे, म्हणजे एकदा उतरवलेल्या पॅकेजचा साठा, ठेवला, मग निभावलं.

प्लेबुक ज्या मांडणीत लिहितात त्या यॅमलची सवय व्हायला महिना जातो. टॅब चालत नाही, एक स्पेस चुकली की अडलं. विंडोज मशीन सांभाळता येतात, पण चालवणारं मशीन विंडोज असेल तर त्यात डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) लागतं. पैसे शून्य. मायकेल डीहान यांनी २०१२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प २०१५ मध्ये रेड हॅटनं घेतला, तरी मूळ अ‍ॅन्सिबल मुक्त स्रोतच आहे. पाच-सहा मशीन असतील तर एवढा खटाटोप नको. वीसच्या वर असतील तर याच सुट्टीत सुरू करा.

बंद पडलेल्या मशीनला एसएसएचनं उठवता येत नाही. त्यासाठी वेक ऑन लॅन (नेटवर्कवरून मशीन चालू करायची सोय) बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, चालू असावं लागतं. आमच्या नऊ जुन्या मशीनवर ते चालतच नाही. परीक्षेच्या सकाळी त्या नऊंची बटणं काका दाबतात, आणि मला फोन करतात, "झालं बघा मॅडम, सोडा आता."