लाकूड, प्लास्टिक की पितळ: घरी जुळवायच्या यांत्रिक घड्याळाची निवड

घरी बसून यांत्रिक घड्याळ जुळवायचे ठरवून किट शोधायला निघालेल्या माणसापुढे साधारणपणे चार वाटा असतात: लेझरने कापलेल्या प्लायवूडच्या भागांचे किट, साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या भागांचे किट, आराखडे मिळवून थ्रीडी प्रिंटरवर स्वतः छापायचे घड्याळ, आणि पितळी चाकांचे घड्याळ. छायाचित्रे पाहून निवड केली तर ती बहुतेक वेळा प्लायवूडवर येऊन थांबते, कारण दिसायला तेच सर्वांत देखणे असते. माझे मत मात्र असे आहे की ही निवड रूपावरून न करता बिघाडावरून करावी. घरी जुळवलेले घड्याळ सुरुवातीला बंद पडणारच, असे धरून चालावे. ते का थांबले हे आपल्याला शोधता येते का आणि सापडलेला दोष आपल्या हातांनी काढता येतो का, यावर ते भिंतीवर राहील की माळ्यावर जाईल हे ठरते.

खरेदीपूर्वी एक गोष्ट मात्र तपासायलाच हवी. खोक्यावर चाके आणि लंबक यांचे चित्र असले तरी आतले काटे बॅटरीवरच्या क्वार्ट्झ यंत्राने फिरत असतील, तर ते घड्याळ यांत्रिक नव्हे. त्यातली लाकडी चाके केवळ शोभेची असतात. अशा किटमध्ये वाईट काही नाही, ते वेळ तर अचूकच दाखवते, परंतु पुढचा सारा विचार त्याला लागू होत नाही. वर्णनात ‘वजन’, ‘चावी’ किंवा ‘स्प्रिंग’ यांचा उल्लेख आणि एका चावीत घड्याळ किती तास चालते याचा आकडा दिलेला नसेल, तर विक्रेत्याला विचारून घ्यावे.

घड्याळ थांबते ते का, हे समजण्यासाठी त्याच्याकडे शक्ती किती तुटपुंजी असते याची कल्पना हवी. एक किलोचे वजन 24 तासांत एक मीटर खाली येत असेल, तर त्यातून मिळणारी शक्ती सुमारे 0.1 मिलिवॅट भरते. बंद टीव्हीवर जळत राहणारा लाल दिवासुद्धा याच्या कितीतरी पट वीज खातो. एवढ्या भांडवलात चाकांची सारी साखळी फिरवायची आणि शिवाय एस्केपमेंटच्या (चाकाला एका वेळी एकच दाता पुढे सरकू देणाऱ्या अडसराच्या) दात्यामार्फत लंबकाला प्रत्येक झोक्याला हलकासा धक्का द्यायचा. चाकांच्या आसांपाशी आणि दात्यांमध्ये होणाऱ्या घर्षणाने हे भांडवल वाटेतच संपवले, तर लंबकापर्यंत काहीच पोचत नाही आणि टिकटिक हळूहळू क्षीण होत थांबते. चारही प्रकारांमधला खरा फरक या घर्षणाचा आहे.

प्लायवूडच्या किटमध्ये ही अडचण सर्वांत मोठी असते. युक्रेनची यूगिअर्स आणि चीनची रॉकर ही या प्रकारातली ठळक नावे असून त्यांचे भाग अगोदरच कापलेले असतात. ते तक्त्यातून हलकेच ढकलून काढायचे आणि बहुतेक ठिकाणी गोंदाशिवाय एकमेकांत बसवायचे. यूगिअर्सच्या किटमध्ये तर टूथपिकसारख्या बारीक लाकडी काड्याच आस म्हणून वापरलेल्या असतात. लेझरने कापलेल्या कडेवर काजळीचा थर राहतो, ती कड किंचित तिरकी असते, आणि प्लायच्या थरांमधला एखादा तंतू दात्याबाहेर आलेला असतो. यांपैकी एकही दोष डोळ्यांना सहज दिसत नाही, पण घड्याळाला तो जाणवतो. म्हणून प्रत्येक चाकाच्या दात्यांवरून बारीक पॉलिश पेपर फिरवणे आणि घासणाऱ्या भागांना मेण लावणे हे काम पुस्तिकेत एका ओळीत सांगितलेले असले, तरी प्रत्यक्षात निम्मा वेळ त्यातच जातो. तेल मात्र लाकडाला लावू नये, कारण लाकूड ते पिते आणि फुगते. मेणाखेरीज चालत असेल तर पेन्सिलीचे शिसे चालते. या साऱ्या कटकटीची दुसरी बाजू अशी की लाकडाचा दोष बोटांना कळतो आणि पॉलिश पेपरने निघतो, तुटलेला दाता गोंदाने बसवता येतो, आणि आस फारच सैल झाला तर दुसरी काडी तासून घेता येते.

प्लास्टिकचे किट याच्या नेमके उलटे वागते. दक्षिण कोरियाच्या अकॅडमी कंपनीच्या दा विंची मालिकेत वजन आणि लंबक यांवर चालणारे एक घड्याळ आहे. भाग खटकन बसणारे आहेत आणि गोंद लागत नाही. (नावावर फार विसंबू नये. लिओनार्दोच्या वह्यांमध्ये लंबकाची रेखाटने सापडतात हे खरे, पण तो 1519 साली वारला आणि लंबकाचे चालते घड्याळ डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगन्स याने 1656 साली घडवले.) साच्यातून निघालेले दाते एकसारखे आणि गुळगुळीत असतात, त्यामुळे घर्षण कमी असते आणि घड्याळ लवकर सुरू होते. काळजी एवढीच घ्यायची की भाग चौकटीपासून सोडवताना दात्यावर राहणारा प्लास्टिकचा टोचा पूर्ण कापला जावा. मात्र एकदा खटकन बसलेला भाग उलगडताना त्याची खुंटी मोडली, तर त्यावर इलाज फारसा नसतो. दहा-बारा वर्षांच्या मुलासोबत जुळवायचे असेल आणि त्याला त्याच संध्याकाळी टिकटिक ऐकायची असेल, तर मी हेच घ्यायला सांगेन.

थ्रीडी प्रिंटरचा मार्ग ज्यांच्या घरी प्रिंटर आहे त्यांच्यासाठीच. केवळ एका घड्याळासाठी प्रिंटर घेणे हिशेबात बसत नाही. येथे बिघाडावरचा उपाय सर्वांत सोपा, कारण चाक बिघडले तर दुसरे छापायचे. पण पीएलए या नेहमीच्या प्लास्टिकच्या दोन खोडी आहेत. ते साधारण 60 अंश सेल्सिअसपाशी मऊ पडते, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीत तयार भाग ठेवू नयेत. आणि सततच्या भाराखाली ते सावकाश वाकत जाते, म्हणून ज्या आराखड्यात आस पोलादी सळईचे आणि भार पेलणाऱ्या जागी छोटे बेअरिंग सुचवले आहे तोच निवडावा.

हवामानाचा मुद्दा परदेशी पुस्तिकांत क्वचितच येतो, आपल्याकडे मात्र तो निर्णायक ठरू शकतो. मी पहिले प्लायवूडचे घड्याळ मे महिन्यात जुळवले, तेव्हा ते उत्तम चालले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ते रोज पहाटे कधीतरी थांबू लागले आणि दुपारी पुन्हा झोका दिला की चालू लागे. वजन वाढवून पाहिले, जागा बदलून पाहिली, आणि शेवटी लक्षात आले की दमट हवेत प्लायची जाडी वाढून दोन चाके चौकटीला घासत होती. त्या बाजू पॉलिश पेपरने किंचित उतरवल्यावर तक्रार संपली. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्याने लाकडी किट जमल्यास पावसाळ्यातच जुळवावे, म्हणजे सर्वांत फुगलेल्या अवस्थेत मोकळीक तपासली जाते आणि पुढे हवा कोरडी होत गेली की घड्याळ सुधारतच जाते. प्लास्टिक आणि पितळ यांना या दमटपणाने फरक पडत नाही. पितळ काळवंडते, पण चालायचे थांबत नाही.

आता अचूकतेविषयी. लंबकाचा एक पूर्ण झोका, म्हणजे जाऊन परत येणे, एका सेकंदाचा हवा असेल तर त्याची लांबी सुमारे 25 सेंटीमीटर लागते. दोन सेकंदांचा हवा असेल तर जवळजवळ एक मीटर. टेबलावरची किटे लहान लंबकाची असतात आणि त्यांत लंबकाचा गोळा एक मिलिमीटर खाली सरकला तर घड्याळ दिवसाला सुमारे तीन मिनिटे मागे पडते. मीटरभर लंबकात तीच चूक पाऊण मिनिटाच्याही आत राहते. म्हणजे भिंतीवरचे लांब लंबकाचे घड्याळ जुळवणे किचकट असले तरी वेळेवर आणणे सोपे असते. येथे लाकडाला एक अनपेक्षित गुण मिळतो. तंतूंच्या दिशेने ते उष्णतेने फारच थोडे वाढते, आणि म्हणूनच जुन्या चांगल्या घड्याळांत चाके पितळी असूनही लंबकाची दांडी लाकडी असे. पोलादी दांडीच्या घड्याळात तापमान 10 अंशांनी वाढले तर दिवसाला सुमारे पाच सेकंदांचा फरक पडतो. पितळी घड्याळ घेणाऱ्याने याचा विचार करावा, टेबलावरच्या लाकडी किटमध्ये तो फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही.

युरोपात आखलेल्या घड्याळाचे आराखडे वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1672 साली ज्यां रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे गेला, तेव्हा त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले, कारण विषुववृत्ताकडे गुरुत्वाकर्षण किंचित कमी असते. लंडनमध्ये नीट लावलेले घड्याळ मुंबईत याच कारणाने दिवसाला जवळजवळ दोन मिनिटे मागे पडेल. तेव्हा आराखड्यात दिलेल्या लांबीपेक्षा मीटरभर लंबक अडीच मिलिमीटरने आखूड करावा लागतो. गोळा वर-खाली करण्यासाठी त्याच्याखाली फिरवायची चाकी नसेल, तर असे किट घेऊच नये.

जागा कोणती मिळणार, यावरही निवड अवलंबून आहे. वजनाच्या घड्याळाला वजन उतरायला मोकळी उंची लागते. कप्पी लावून ती निम्मी करता येते, पण मग वजन दुप्पट करावे लागते. स्प्रिंगच्या घड्याळाला उंची लागत नाही, मात्र स्प्रिंग उलगडत जाते तसा तिचा जोर कमी होतो आणि घड्याळाची चाल चावी दिल्यानंतर एक आणि उतरत आल्यावर दुसरी असते. कोणतेही लंबकाचे घड्याळ छताच्या पंख्याच्या वाऱ्यात ठेवू नये आणि डुगडुगत्या टेबलावर तर मुळीच नाही, कारण टेबल हलले की लंबकाची शक्ती ते टेबलच खाते. पाणसळ लावून चौकट सरळ केल्यानंतरही डोळे मिटून टिकटिक ऐकावी. दोन ठोक्यांतले अंतर समान वाटेपर्यंत घड्याळ किंचित डावी-उजवीकडे कलते करीत राहावे. बंद पडणारी कित्येक घड्याळे एवढ्यानेच चालू लागतात.

पितळी किटांत म्युनिकजवळच्या एर्विन झाटलर या जर्मन कंपनीचे ‘मेकानिका’ नावाचे किट उत्तम मानले जाते. त्याची चाके तयार मिळतात आणि जुळवणाऱ्याकडे उरते ते नेमके, स्वच्छ हाताने केलेले जोडकाम. किंमत मात्र लाखांच्या घरात जाते आणि वर आयातशुल्क. पहिल्याच प्रयोगाला एवढा खर्च करावा असे मला वाटत नाही. पितळाचीच ओढ असेल, तर पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात मिळणारे चावीचे जुने भिंतीवरचे घड्याळ घ्यावे, ते संपूर्ण उलगडावे, पुसावे आणि पुन्हा जुळवावे. अट एकच, आणि ती कडक: स्प्रिंगमधली चावी पूर्ण उतरवल्याशिवाय पितळी पाट्यांचे स्क्रू सोडू नयेत. दाबलेली स्प्रिंग सुटली तर दाते मोडतातच, बोटेही वाचत नाहीत. हे काम पहिल्यांदा एखाद्या घड्याळजीकडून करवून घेतलेले बरे. तेल फक्त आसांच्या टोकांना, सुईने एक थेंब, आणि तेही घड्याळाचे. घरातले खोबरेल थंडीत गोठते. चाकांच्या दात्यांना तेल लावायचे नसते, त्यावर धूळ बसून ते दात्यांनाच झिजवते. या मार्गाचा मोठा फायदा म्हणजे अडल्यावर विचारायला माणूस असतो. प्लायवूडचे चाक पाहून घड्याळजी हसेल, पण वाकलेला पितळी आस तो सरळ करून देईल.

हातात दोन-तीन सुट्ट्या आहेत, घासत बसण्याचा कंटाळा नाही आणि रोजची वेळ मोबाइलवरच पाहायची आहे, अशा वाचकाने प्लायवूडचे किट खुशाल घ्यावे. फक्त मागवण्यापूर्वी तुटलेल्या भागाच्या बदली भाग मिळतो का हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, आणि पहिला भाग तक्त्यातून काढण्याआधी साऱ्या तक्त्यांची झेरॉक्स काढून ठेवावी, म्हणजे एखादे चाक मोडलेच तर जवळच्या लेझर कटिंगवाल्याकडून त्याच मापाचे दुसरे कापून घेता येते.