अबोल मूल : गटखेळ की शेजारची बैठक?

पन्हाळ्यावरील उन्हाळी शिबिरात ताई म्हणून जाणाऱ्या कोल्हापूरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, की अबोल मुलाला लगेच गटखेळांत घ्यावे, की त्याच्याशेजारी बसून काही करावे. वेळेच्या दृष्टीने गटखेळ सोयीचे, कारण अनेक मुले सांभाळताना एकासाठी अर्धा तास काढणे कठीणच. मात्र लगोरीत नेम चुकून हशा पिकला, तर असे मूल अधिकच मिटते. शेजारी बसून मातीचा किल्ला रचताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, उत्तराची घाई नसते, त्यामुळे उशिरा जुळलेला संवाद टिकतो. त्यात आणखी एखादे शांत मूल घेतल्यास अबोल मूल केवळ ताईवर विसंबून राहत नाही. नवखेपणाने बुजलेल्या, पण खेळ टक लावून पाहणाऱ्या मुलाला गुण मांडण्याचे काम देऊन गटात घ्यावे; मात्र घरी मोकळे बोलणारे, परंतु बाहेर महिनोन्महिने मूक राहणारे मूल असल्यास शेजारची बैठकच योग्य, आणि पालकांना समुपदेशकाचा सल्ला घेण्यास सुचवावे.