ओरॅकल एसई२ वाल्यांनी काय घ्यावं: रात्रीचा बॅकअप, हाताने चालवायचा स्टँडबाय की डेटा गार्ड?

वागळे इस्टेटमधल्या एका मित्राचा परवा फोन आला. त्यांचं ईआरपी ओरॅकल स्टँडर्ड एडिशन २ (एसई२) या डेटाबेसवर चालतं, सर्व्हर एकच, आणि मालकांनी विचारलंय की हा उद्या बंद पडला तर बिलिंग किती वेळात सुरू होईल. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मी गेली काही वर्षं अशाच कामासाठी एक स्टँडबाय, म्हणजे मुख्य बंद पडला तर त्याची जागा घेणारा डेटाबेस, सांभाळतोय, मुख्य सर्व्हर ठाण्यात आणि दुसरा महापेला आमच्या गोडाऊनच्या ऑफिसात, त्यामुळे त्याला तासभर जे सांगितलं तेच इथे लिहितोय, ठाणे-बेलापूर पट्ट्यात हा प्रश्न बऱ्याच जणांपुढे येतो.

पर्याय तीन. पहिला, रात्री आरमॅनने (ओरॅकलचं स्वतःचं बॅकअप टूल) बॅकअप घ्यायचा आणि वेळ आली की रिस्टोअर करायचा. दुसरा मॅन्युअल स्टँडबाय, म्हणजे दुसऱ्या मशीनवर तोच डेटाबेस स्टँडबाय म्हणून माउंट करून ठेवायचा, मुख्य सर्व्हरवर तयार होणारे आर्काइव्ह लॉग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद असलेल्या फाइली) आपल्याच स्क्रिप्टने तिकडे पाठवायचे आणि तिकडे अप्लाय करत राहायचं. तिसरा, एंटरप्राइझ एडिशन घ्यायचं आणि त्यातला डेटा गार्ड लावायचा, तो हीच पाठवण्या-लावण्याची कामं स्वतः करतो आणि मध्ये लॉग राहिला तर स्वतः मागून घेतो.

आधी पैशाचं बोलू, कारण मीटिंगमध्ये तेच आधी निघतं. एसई२ ची लिस्ट प्राइस सॉकेटमागे, म्हणजे प्रत्यक्ष चिपमागे, १७,५०० डॉलर, एंटरप्राइझची प्रोसेसरमागे ४७,५००, आणि इंटेलच्या मशीनवर २ कोअर मिळून एक प्रोसेसर धरतात. म्हणजे २ सॉकेट, १६ कोअरच्या साध्या सर्व्हरला एसई२ चे ३५,००० होतात आणि एंटरप्राइझचे ३,८०,०००, शिवाय दरवर्षी २२ टक्के सपोर्ट. सवलत मिळते हे खरं, पण फरक एवढा आहे की सवलतीने तो मिटत नाही. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात, स्टँडबाय मशीनलासुद्धा पूर्ण लायसन्स लागतं. "तो तर नुसता पडून असतो" हे चालत नाही, तिथे ओरॅकल इन्स्टॉल आहे आणि डेटाबेस माउंट आहे म्हणजे लायसन्स आलं. वर्षात १० दिवस दुसरं मशीन लायसन्सशिवाय चालवायची सवलत सांगतात ती सामायिक स्टोरेजवरच्या क्लस्टर फेलओव्हरसाठी आहे, स्टँडबायला नाही. दुसऱ्या मशीनचं बजेट काढताना हे आधीच लिहून ठेवा, नाहीतर ऑडिटच्या वेळी फार त्रास होतो.

आता नुसत्या बॅकअपवर राहायचं तर काय होतं. आमचा डेटाबेस साधारण ४५० जीबी. गिगाबिट लॅनवरून एवढा डेटा नुसता यायलाच सव्वा तास जातो, पण आम्ही प्रत्यक्ष रिहर्सल केली तेव्हा रिस्टोअरला पावणेसहा तास लागले, कारण बॅकअप कॉम्प्रेस केलेला आणि एसई२ मध्ये आरमॅनला समांतर चॅनेल मिळत नाहीत, सगळं एकाच चॅनेलमधून येतं. त्याच्यावर दिवसभराचे लॉग लावायचे ते वेगळं. आणि हे सगळं हातात तयार मशीन आहे असं धरून. बंद पडला तोच सर्व्हर आणि दुसरं मशीन नसेल तर आधी मशीन शोधा, ओएस टाका, ओरॅकल टाका, पॅच तोच पाहिजे, मग रिस्टोअर. दीड-दोन दिवस सहज जातात. ज्यांना दोन दिवस वहीवर बिलं फाडून चालतं त्यांनी खरंच इथेच थांबावं, यात काही कमीपणा नाही, फक्त महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

मॅन्युअल स्टँडबायवर मी जास्त लिहिणार आहे, कारण एसई२ वाल्यांचा निर्णय बहुतेक इथेच अडतो. सुरुवात अवघड नाही. डेटाबेस आर्काइव्हलॉग मोडमध्ये घ्या, फोर्स लॉगिंग (प्रत्येक बदल लॉगमध्ये गेलाच पाहिजे अशी सक्ती) चालू करा, आरमॅन बॅकअप तिकडे न्या, मुख्य सर्व्हरवरून स्टँडबाय कंट्रोलफाइल (डेटाबेसच्या सगळ्या फाइलींची माहिती ठेवणारी फाइल) बनवून ती तिकडे लावा, स्टँडबाय म्हणून माउंट करा आणि रिकव्हर स्टँडबाय डेटाबेस सुरू करा. फोर्स लॉगिंग विसरू नका, नाहीतर कोणीतरी नोलॉगिंगने, म्हणजे लॉगमध्ये नोंद न करता, मोठं टेबल लोड करतं, स्टँडबायवर सगळं सुरळीत वाटतं, आणि गरजेच्या दिवशी तेच टेबल उघडलं की ओआरए-२६०४० हा एरर येतो, ते ब्लॉक तिकडे आलेलेच नसतात.

लॉग भरला की आर्काइव्ह होतो, पण दुपारी जेवणाच्या वेळी काम थंड असतं तेव्हा एक लॉग तासभर भरत नाही, म्हणून आर्काइव्ह लॅग टार्गेट ९०० सेकंद ठेवा म्हणजे १५ मिनिटांत लॉग बदलतोच. तो तिकडे पोचायचा वेळ धरला तर रोजच्या दिवशी जास्तीत जास्त २० मिनिटांचं काम जाऊ शकतं. मित्राला मी एवढंच विचारलं, शेवटच्या २० मिनिटांच्या एंट्री कागदावरून परत मारता येतील का? त्यांच्याकडे प्रत्येक डिलिव्हरी चलनाची कॉपी असते, त्यामुळे येतील. ज्यांच्याकडे ऑनलाइन ऑर्डर येतात आणि कागद नसतोच, त्यांचं उत्तर वेगळं येईल, त्यांनी डेटा गार्डचं गणित मांडावं, त्यात सिंक मोडमध्ये कमिट केलेलं (पक्कं सेव्ह झालेलं) काही जाऊ न देण्याची सोय आहे. अर्थात मॅन्युअलमध्येही मुख्य सर्व्हरची डिस्क जिवंत असेल, नुसता मदरबोर्ड गेला असेल, तर तिथले ऑनलाइन रिडो लॉग (अजून आर्काइव्ह न झालेले चालू लॉग) काढून स्टँडबायवर हाताने दिले की तेही वाचतं. यासाठी ती डिस्क कोण काढणार, कुठे लावणार हे आधी ठरलेलं पाहिजे.

लाइनचा हिशेब बघा. आमचे दिवसाचे लॉग साधारण १२ जीबी, २० एमबीपीएसच्या लाइनवर सगळे मिळून दीड तासाचं काम, दिवसभरात पसरलं की कळतही नाही. पण महिनाअखेरीला इंडेक्स परत बांधतात त्या रात्री ४० जीबी होतात, म्हणजे साडेचार तास लाइन भरलेली, आणि तेवढा वेळ स्टँडबाय मागे.

आणि याच मागे पडण्यातून आमच्याकडे जे झालं ते सांगतो. मुख्य सर्व्हरची आर्काइव्हची जागा भरत होती म्हणून रात्रीच्या आरमॅन जॉबमध्ये "बॅकअप झाला की लॉग डिलीट" असं टाकलं गेलं. त्या रात्री लाइन रेंगाळत होती, दोन लॉग तिकडे जायच्या आत इकडून उडाले. स्टँडबायने पुढचा नंबर मागितला, फाइल नाही, ओआरए-००३०८ एरर देऊन तो तिथेच थांबला. आमची स्क्रिप्ट फक्त आरसिंक (फाइली तिकडे कॉपी करणारं टूल) यशस्वी झालं की नाही एवढंच बघत होती, आणि आरसिंक तर रोज यशस्वी होत होतं, नवे लॉग नियमाने जात होते, फक्त लागत नव्हते. अकाउंट्सच्या एका बाईंना एक जड रिपोर्ट हवा होता म्हणून स्टँडबाय रीड ओन्ली उघडला, त्यांनी स्क्रीनकडे बघून म्हटलं, "अहो, यात शेवटचं इनव्हॉइस ११ दिवसांपूर्वीचं दिसतंय." माझ्या पोटात गोळा आला. त्या ११ दिवसांत मुख्य सर्व्हर गेला असता तर? ते दोन लॉग आरमॅनच्या बॅकअपमध्ये सापडले, काढून पाठवले, आणि पुढचे सगळे लागायला अख्खी संध्याकाळ गेली. स्टँडबाय आला म्हणून बॅकअप बंद करू असं कोणी म्हणालं तर हा प्रसंग सांगा. शिवाय कोणी चुकून टेबल ड्रॉप केलं तर स्टँडबायसुद्धा ते इमानदारीने ड्रॉप करतो, तिथे बॅकअपच लागतो.

तेव्हापासून रोज सकाळी ९ ला दोन आकडे मेलवर येतात, मुख्य सर्व्हरचा शेवटचा आर्काइव्ह नंबर आणि स्टँडबायवर लागलेला शेवटचा नंबर, फरक ४ च्या वर गेला की फोन करायचा. मेलच आला नाही तरी फोन करायचा. लॉग डिलीट करायची परवानगीही आता तिकडे लागल्याचं बघूनच मिळते. मुख्य सर्व्हरवर नवी डेटाफाइल जोडली तरी स्टँडबाय कधी कधी नाव न ठरलेल्या फाइलवर अडतो, तिथे ती हाताने बनवून द्यावी लागते, म्हणून डेटाफाइल जोडणाऱ्याने त्याच दिवशी स्टँडबाय बघायचा असा नियम केलाय. डेटा गार्डमध्ये यातलं बहुतेक आपोआप होतं, पैसे त्याचेच आहेत. मधला मार्गही आहे, डीबीव्हिजिटसारखी टूल्स स्टँडर्ड एडिशनसाठीच बनलेली आहेत, लॉग पाठवणं, लावणं, राहिलेले पकडणं ती बघतात, तुमच्याकडे स्क्रिप्ट लिहिणारा एकच माणूस असेल आणि तो नोकरी सोडायच्या बेतात असेल तर याचं कोटेशन जरूर मागवा.

दुसरं मशीन कुठे ठेवायचं हा आपल्याकडचा खास प्रश्न. महापे सोयीचं आहे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने घणसोली नाहीतर कोपरखैरणे, तिथून रिक्षा. पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई तिन्हीकडे एकदम लाइट गेली, कळवा-पडघा भागातल्या ट्रान्समिशनमधला बिघाड, तेव्हा आमच्या दोन्ही जागा एकाच वेळी यूपीएसवर. म्हणजे महापेचा स्टँडबाय मशीन जळणं, डिस्क जाणं, ऑफिसात पाणी शिरणं याला पुरतो, अख्ख्या भागाला काही झालं तर नाही. आम्ही स्टँडबाय महापेलाच ठेवलाय आणि आरमॅनची एक कॉपी रोज हैदराबादच्या क्लाउड रिजनला जाते. कंपनीच्या हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज असावा असा नियम २०२२ पासून आहेच, तोही यातच होतो. आणि स्टँडबायला रिमोट कन्सोल कार्ड घ्या, म्हणजे घरी बसून मशीन हाताळता येतं, रात्री दोनला लोकल नसते.

खरा वेळ किती लागतो ते सांगतो. स्टँडबायचा क्लोन काढून त्यावर ॲक्टिव्हेट (मुख्य डेटाबेस म्हणून सुरू) करून बघितलं, मूळ स्टँडबायवर हे करायचं नाही कारण एकदा ॲक्टिव्हेट केला की तो स्टँडबाय राहत नाही, परत पहिल्यापासून बांधावा लागतो. डेटाबेस ३ मिनिटांत उघडला. बिलिंग सुरू व्हायला मात्र ४० मिनिटं लागली, कारण ६० पीसींवर टीएनएसनेम्स फाइलमध्ये (कोणत्या सर्व्हरला जोडायचं ते सांगणारी फाइल) जुना आयपी लिहिलेला, चलनाचे प्रिंटर जुन्या सर्व्हरवरून शेअर केलेले, आणि रात्रीचे जॉब तिकडे टाकलेलेच नव्हते. आयपीच्या जागी डीएनएस नाव टाकलं आणि पुढच्या वेळी १४ मिनिटांत झालं.

मित्राला मी मॅन्युअल स्टँडबायच सांगितला, पण एका अटीवर, सकाळचे ते दोन आकडे बघणारी दोन माणसं नावानिशी ठरली पाहिजेत, एक सुट्टीवर असेल तर दुसरा. दोन माणसं मिळत नसतील तर टूल घे, तेही बजेटमध्ये बसत नसेल तर बॅकअप आणि एक तयार मशीन एवढ्यावर थांब, कारण कोणी न बघितलेला स्टँडबाय आमच्यासारखा ११ दिवस मागे राहतो आणि मालकांना मात्र आपण सुरक्षित आहोत असंच वाटत असतं. त्याने दोन नावं कळवलीत, मशीनची ऑर्डर गेलीय, आणि पहिली रिहर्सल पुढच्या महिन्यात रविवारी सकाळी ठेवलीय, मी जाणार आहे.