आधी टेकू, मग पट्टा

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार जवळजवळ संपली, त्यामुळे रायफलसाठी टेकू आणि खांद्याचा पट्टा निवडायचा हा हिशेब अमेरिकेत परवाना काढून ‘व्हार्मिंट’, म्हणजे उपद्रवी प्राणी, टिपायला जाणाऱ्यांसाठी. दुकानात पहिला हात पट्ट्याकडे जातो, कारण तो स्वस्त. माझं मत उलटं आहे: आधी टेकू ठरवा. आणि टेकू ठरतो जनावरावरून.

प्रेअरी डॉग, म्हणजे कुरणात बिळं करून राहणारी एक खार, जेमतेम किलोभराचा. २०० यार्डांवर नेम १ मिनिट ऑफ अँगल, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, ढळला, तर गोळी सुमारे २ इंच बाजूला जाते, आणि एवढ्याशा अंगाला २ इंच म्हणजे हुकलीच. इथे घडीचं शूटिंग बेंच, पुढे एक वाळूची पिशवी आणि दस्त्याखाली दुसरी, याला तोड नाही. पुढची पिशवी रायफलच्या लाकडाखाली ठेवायची, नळीखाली नाही. नळी टेकवली की गोळी भलतीकडे जाते. बेंच गाडीतून न्यावं लागतं, हीच काय ती अडचण.

बायपॉड, म्हणजे दोन पायांचा टेकू, हलका आणि सदैव रायफलला लावलेला, म्हणून मोह होतो. ६ ते ९ इंची बायपॉड पोटावर झोपून नेम धरायला फार छान. पण कुरणात गवत आड येतं, खाली निवडुंगाचे काटे, आणि प्रेअरी डॉगच्या बिळांत विषारी रॅटलस्नेक सापही मुक्कामाला असतात. अंग टाकण्याआधी जमीन बघा! १३.५ ते २७ इंची बायपॉड बसून चालतो, मात्र पाय पूर्ण लांबवले की डुलतो आणि रायफल पुढून जड होते.

कायोटीचा, म्हणजे लांडग्याच्या छोट्या भाऊबंदाचा, खेळ वेगळा. ससा ओरडल्यासारखा आवाज काढून बोलवायचं, आणि तो नेमका भलत्याच बाजूनं येणार. बायपॉडवर अशा वेळी आख्खं अंग वळवावं लागतं, तेवढ्यात तो पसार. दोन काठ्यांची कैची स्वस्त आणि चटकन फिरणारी, पण पुढे-मागे हलते. रायफल पकडीत धरणारा ट्रायपॉड सगळ्यांत स्थिर, तसाच सगळ्यांत अवजड. मी मधला मार्ग घेईन: एका हातानं खटका दाबून उंची बदलता येणारी तिपाई.

आता पट्टा. निओप्रीनचा, म्हणजे लवचीक रबरी कापडाचा, मऊ असतो, पण ताणतो, आणि जड नळीची रायफल पाठीवर हिंदकळत राहते. अमेरिकन लष्कराचा १९०७ नमुन्याचा चामडी पट्टा दंडाला फास घालून आवळला की बसून किंवा झोपून मारताना हात खरंच स्थिर होतो. तो आवळायला वेळ लागतो, आणि उभ्यानं फायदा थोडाच. बांधाबांधानं पायी फिरून ग्राउंडहॉग, म्हणजे बिळात राहणारी जाडजूड खार, शोधणाऱ्याला तो शोभतो. बेंचवर बसणाऱ्याला त्याचं काय काम? शिवाय पुढचं लाकूड नळीला टेकत असेल, तर आवळलेल्या पट्ट्याच्या ओढीनं नेमही सरकतो.

बाकी सगळ्यांना न ताणणारा, सव्वा इंच रुंद साधा पट्टा पुरतो. कड्या मात्र झटकन सुटणाऱ्या घ्या, नाहीतर लोंबणारा पट्टा वाळूच्या पिशवीखाली अडकतो. बायपॉडही लावणार असाल, तर तो रायफलवरची, पट्टा अडकवायची पुढची घुंडीच अडवतो. हॅरिस कंपनीच्या बायपॉडला पट्टा अडकवायची वेगळी सोय असते. दुसरा घेताना ती आहे का, तेवढं बघून घ्या.