‘क्राऊन-पिनियन गेलं’ सांगून उकळलेली बिलं: इंजिन बदललेल्या अ‍ॅम्बेसिडरची थरथर

जुन्या गाडीत नवं इंजिन बसवून घेणाऱ्यांनी हे वाचाच. गाडी नाशिकची, एमएच 15 पासिंगची जुनी अ‍ॅम्बेसिडर. मूळचं 1489 सीसीचं इंजिन काढून इसुझूचं 1.8 लिटर पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवलेला. काम शहरातल्याच एका गॅरेजने केलं. 70 पर्यंत गाडी लोण्यासारखी, 75 ओलांडलं की बुडाखालून गुणगुण आणि 80 ला आरशात मागचं काही दिसेना. मालकाने गाडी परत नेली. मिस्त्रीने एक चक्कर मारली आणि निदान ठोकलं, “साहेब, हौसिंग बोलतंय. क्राऊन-पिनियन गेलं.” (हौसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांमधली पेटी, क्राऊन-पिनियन ही तिच्यातली चाकं फिरवणारी दातेरी जोडी.)

पहिल्या बिलात क्राऊन-पिनियनचा सेट, बेअरिंग, ‘प्रोपेलर बॅलन्सिंग’ (गिअरबॉक्सचा जोर हौसिंगकडे नेणाऱ्या लांब शाफ्टचा तोल साधणं) आणि मजुरी. थरथर जशीच्या तशी. मग टायरवर खापर, त्यानंतर क्लच प्लेटवर. दर वेळी बिल पाच आकडी आणि जुने पार्ट ‘भंगारात गेले’.

खरं तर पहिल्याच वाक्यात पाणी मुरत होतं. क्राऊन-पिनियन खराब झालं तर गाडी ओरडते, थरथरत नाही. तो आवाज अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आणि सोडल्यावर बदलतो. इथे तसं काहीच नव्हतं. पाथर्डी फाट्यावरून विल्होळीकडे रिकामा रस्ता बघून 80 ला क्लच दाबायचा, गाडी न्यूट्रल करायची. थरथर राहिली, तर इंजिन आणि क्लच दोन्ही सुटले. मग तोच वेग चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये धरायचा. दोन्हींत सारखीच थरथरली, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे: प्रोपेलर, हौसिंग किंवा चाकं. या चाचणीला एक पैसा लागत नाही, आणि ती न करता हौसिंग उघडणारा माणूस एकतर अडाणी असतो किंवा लबाड.

चाक की प्रोपेलर, हे आकड्यांवरून कळतं. चाकाचा घेर साधारण 2 मीटर आणि हौसिंगचा रेशो 4.5 (चाकाच्या एका फेऱ्यात प्रोपेलरचे साडेचार) धरा. 80 ला चाक सेकंदाला सुमारे 11 वेळा फिरतं, प्रोपेलर 50 वेळा. मोबाइलवरच्या कंपन मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये 11 हर्ट्झला उंचवटा आला तर चाक किंवा टायर, 50 ला आला तर प्रोपेलरचं बॅलन्स किंवा वाकलेली नळी. आणि 100 ला आला तर बॅलन्सिंगवर पैसे घालवू नका, ती क्रॉसच्या, म्हणजे प्रोपेलरच्या दोन टोकांना असणाऱ्या वळत्या सांध्यांच्या, कोनाची भानगड आहे. कोनात चालणारा क्रॉस शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त करतो. मागचा क्रॉस तेवढाच उलट वागला तरच ते फिटतं. (अ‍ॅप सेकंदाला 200 हून जास्त वाचनं घेणारं हवं, नाहीतर 100 हर्ट्झ दिसणारच नाही.)

या गाडीत उंचवटा 100 लाच होता. गाडी सपाट जागी, वजन चाकांवर ठेवून, डिजिटल लेव्हलने प्रत्येक भागाचा मागच्या बाजूकडे जाणारा उतार मोजला: गिअरबॉक्स 4 अंश, शाफ्ट 6, पिनियन 1. म्हणजे पुढच्या क्रॉसला 2 अंश आणि मागच्याला 5. दोन्ही कोन सारखे हवेत, फार तर अंशभर फरक, आणि हायवेवर चालणाऱ्या गाडीत प्रत्येकी 3 च्या आत. गिअरबॉक्स नव्या माउंटिंगवर बसवताना मागच्या कोनाकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

दुसरा घोळ नळीत. शाफ्ट आखूड करताना कापून वेल्डिंग केलं, तेव्हा दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत धरले नाहीत. नजरेलाही दिसेल एवढा पीळ होता. शिवाय ताज्या काळ्या रंगाखाली बॅलन्सिंगसाठी लावतात तो वजनाचा एकही तुकडा नाही आणि मशिनवर चढवल्याचा रिपोर्टही नाही. नळीची फिरतानाची लचक डायल गेजवर 0.5 मिलिमीटरच्या आत हवी. अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत चांगले लेथवाले असताना हे काम गॅरेजच्या कोपऱ्यात उरकलं गेलं.

आणि ‘नवं’ क्राऊन-पिनियन? ते जोडीने घासून तयार होतं, म्हणून बहुतेक सेटमध्ये दोन्हींवर एकच जोडी-नंबर कोरलेला असतो. इथे नंबर जुळले, पण दातांवर जुन्या झिजेचा पट्टा होता. पार्ट बदललाच नव्हता, नुसता धुतला होता. कुठे कुठे तर ओरडणारं हौसिंग गप्प करायला 140 नंबरचं जाड ऑइल किंवा चक्क लाकडाचा भुसा भरतात. ड्रेन प्लग काढून ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये घ्या आणि बोटांत चोळून बघा.

म्हणून हौसिंग उघडायच्या आधी नंबरचा फोटो, कामाच्या कागदावर ‘जुने पार्ट परत’ ही ओळ आणि प्रोपेलर काढण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या चकत्यांवर) व स्लाइडिंग जोडावर पंचाच्या खुणा. स्प्लाइन (सरकत्या जोडातली दातेरी खाच) एक दात चुकून बसली तरी हाच त्रास उभा राहतो. दाद मागायची तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. पक्कं बिल नसेल तर मात्र हात चोळत बसावं लागतं.

गाडीचा इलाज स्वस्तात झाला. योक सरळ करून नळी नव्याने वेल्ड केली आणि मशिनवर बॅलन्स केली. पाटा (मागची पट्ट्यांची स्प्रिंग) आणि हौसिंगच्या बैठकीमध्ये 2 अंशांची लोखंडी पाचर घातली. अ‍ॅल्युमिनियमची चेपते. दोन क्रॉसच्या कोनांत फरक 3 अंशांचा, तरी पाचर 2 चीच, कारण जोर दिल्यावर पाटे पिळतात आणि पिनियनचं नाक आपोआप वर येतं. पाचरीमुळे सेंटर बोल्ट लांब लागतो, आणि थोडं चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात.

80 ची थरथर गेली. पण आता 50 ला अ‍ॅक्सिलरेटर सोडला की हौसिंग बारीक रडतं, जे आधी कधीच रडत नव्हतं. विनाकारण उघडलं, शिम (दातांचं अंतर बसवणाऱ्या पातळ चकत्या) इकडचे तिकडे झाले. आता दातांना रंग लावून ठसा बघत बॅकलॅश (दातांमधली ढील) नव्याने बसवावा लागणार, आणि तो खर्च पुन्हा मालकाच्याच माथी.