इन्व्हर्टरसाठी ट्युब्युलर की लिथियम?

नाशिकच्या सिडको, पंचवटीतल्या फ्लॅटमध्ये बॅटरी बऱ्याचदा देवघराशेजारी असते. ट्युब्युलरसाठी, म्हणजे पाणी भरायच्या लेड-ॲसिड बॅटरीसाठी, ती जागा वाईटच. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. कोंडलेल्या हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की स्फोटाला समईची ज्योत पुरते. ती हवेशीर गॅलरीतच ठेवा, पावसापासून आडोसा करून.

पाणी फक्त डिस्टिल्ड, पातळी दाखवणाऱ्या फ्लोटच्या वरच्या खुणेपर्यंतच. जास्त भरलं की ॲसिड बाहेर येतं, टर्मिनलवर थर चढतो, जोड तापतो. टर्मिनल सोडताना इन्व्हर्टर बंद करून आधी काळी वायर, मग लाल, जोडताना उलट. हातातली अंगठी काढा, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. १२ व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही, पण शॉर्ट झालं तर शेकडो अँपिअर वाहतात आणि अंगठी बोट भाजते.

गॅलरी नसेल तर लिथियम फेरो फॉस्फेट घ्या. पाणी नाही, चार्जिंगला वायू नाही. मात्र जुन्या इन्व्हर्टरला लिथियमचं सेटिंग आहे का ते आधी पाहा: १२.८ व्होल्टच्या पॅकला १४.६ पेक्षा जास्त चालत नाही, ट्युब्युलर सेटिंग कधी त्यापुढे जातं. तेव्हा बीएमएस (पॅकमधलं संरक्षक सर्किट) सप्लाय तोडतं, पण रोज त्याच्या भरवशावर राहू नये. शॉर्टचा धोका इथेही तेवढाच. पॅक फुगलेला दिसला तर चार्जिंग लगेच बंद. उघडू नका, दाबू नका.